सभा न झालेल्या वर्षांचा हिशेब

मार्च २०२० संपत आला तेव्हा करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याच्या काठची केळी काढणीला आली होती. कंदर, वाशिंबे, शेटफळ हा पट्टा केळीच्या निर्यातीसाठी ओळखला जातो. घड उतरवायचा, फण्या सोडवायच्या, पाण्यातून काढून चीक धुवायचा, खोक्यांत भरायच्या, माल गार करायचा आणि कंटेनर न्हावाशेवा बंदराच्या वाटेला लावायचा, अशी ही साखळी. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली. शेतमालाच्या वाहतुकीला सरकारने मुभा दिली होती, पण गाडी होती तर ड्रायव्हर नव्हता, ड्रायव्हर मिळाला तर पॅकिंगची टोळी नव्हती आणि टोळी जमली तर व्यापारी फोन उचलत नव्हता. कांदा चाळीत टाकून महिने काढता येतात, केळीचा घड तयार झाला की दिवस मोजावे लागतात. परदेशी जाणारा माल गावोगावच्या बाजारात पडेल त्या भावाने गेला.

त्या आठवड्यांत निर्णय कोणी घ्यायचा, तोटा कोणी सोसायचा आणि नंतर जाब कोणाला विचारायचा, हे तीन प्रश्न बांधावर उभे होते. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांपुढेही त्या दिवसांत हेच प्रश्न होते. तिथे त्याला ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ म्हणतात. करमाळ्यात हा शब्द क्वचितच कोणी उच्चारत असेल, पण विषय नवा नाही. आदिनाथ आणि मकाई हे सहकारी साखर कारखाने, बाजार समिती, गावोगावच्या विकास सोसायट्या, पतसंस्था आणि आता शेतकरी उत्पादक कंपन्या, या सगळ्यांना संचालक मंडळ आहे, ताळेबंद आहे आणि सभासद आहेत. महामारीने उद्योगाच्या कारभाराबद्दल काय शिकवले, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जगभर बरेच लिहिले गेले. त्याचा आढावा घेताना सोलापूर जिल्ह्यातून पाहिले तर काही गोष्टी अधिक ठळक दिसतात.

आधीच्या साथी आणि सोलापूरची जुनी गिरणी

साथीने मालक आणि कामगार यांच्यातले नाते हलवल्याचा पहिला मोठा दाखला मुंबईचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून कोकणात आणि देशावर निघून गेली. गिरण्यांचे चाते थांबू लागले. त्या काळी गिरणी कामगाराचा पगार महिन्याने आणि तोही मागे ठेवून मिळत असे, म्हणजे गावी पळून जाणाऱ्याचे पैसे बुडत. माणसे मिळेनाशी झाल्यावर गिरणीमालकांना रोजच्या रोज रोख मजुरी द्यावी लागली आणि रस्त्यावर कामगारांसाठी चढाओढ लागली. साथ ओसरली, मालकांनी आपली जुनी पद्धत पुन्हा बसवली. शहराच्या कारभारात मात्र त्या साथीने कायमचा बदल केला. दाट वस्त्यांची पुनर्रचना करण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने देशात कोटीच्या घरात बळी घेतले. त्या साथीच्या आणि महागाईच्या पाठोपाठ जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांत मोठा संप झाला.

दुसरा दाखला साथीचा नाही, पण या वादाच्या मुळाशी जाणारा आहे आणि तो सोलापूरचाच आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांच्या चुली या गिरणीवर पेटत होत्या आणि बंद पडण्याचे कारण गैरव्यवस्थापन हे होते. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला, संचालकांना बाजूला केले आणि गिरणी आपल्या ताब्यात घेतली. चिरंजीतलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांचा अर्ज डिसेंबर १९५० मध्ये फेटाळला गेला. नंतर द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात, डिसेंबर १९५३ मध्ये, त्याच न्यायालयाने सरकारचा कायदा घटनाबाह्य ठरवला: भरपाई न देता मालमत्ता अशी काढून घेता येत नाही. यावर संसदेने १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीत लोकहितासाठी ठरावीक मुदतीपुरते व्यवस्थापन ताब्यात घेण्याची तरतूद केली. गिरणी भागधारकांची की तिच्यावर जगणाऱ्या शहराची, हा प्रश्न भारतीय कायद्यात इतक्या स्पष्टपणे प्रथम आला तो सोलापुरातून. आजच्या चर्चेत हा खटला क्वचितच आठवला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढे जगात वाद दोन टोकांना गेला. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडले की कायद्याच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी निवेदन काढले, त्यात ग्राहक, कामगार, पुरवठादार आणि समाज यांना भागधारकांच्या बरोबरीने स्थान दिले. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याने तर कलम १६६ मध्ये संचालकाचे कर्तव्यच तसे लिहिले आहे. त्याने भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहायचे आहे. हे कलम कागदावर होते. त्याची कसोटी लागली २०२० मध्ये.

दोन वर्षांत नियम कसे बदलले

कसोटीच्या काळात नियम इतक्या झपाट्याने बदलले की अनेक संचालकांना परिपत्रके वाचून होईपर्यंत पुढचे परिपत्रक येत होते. कर्ज थकवल्यास दिवाळखोरीची कारवाई सुरू करण्याची मर्यादा २४ मार्च २०२० रोजी १ लाखावरून १ कोटी रुपयांवर नेली गेली, आणि नंतर नव्या थकबाकीवर दिवाळखोरीची कारवाईच वर्षभर स्थगित झाली. रिझर्व्ह बँकेने कर्जहप्त्यांना १ मार्चपासून आधी मेअखेर आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली. सवलतीच्या काळातल्या व्याजावर व्याज आकारू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला, पण सवलत वाढवून द्यायला नकार दिला. २०१९-२० चा लाभांश वाटू नका, असे बँकांना सांगण्यात आले. सहकारी बँकाही त्यात आल्या.

कंपन्यांना एप्रिल आणि मे २०२० मधल्या परिपत्रकांनी दूरदृश्य पद्धतीने सभा घेण्याची परवानगी मिळाली. सहकारात गोष्ट वेगळी घडली. राज्यात सहकारी संस्थांच्या निवडणुका आधीच कर्जमुक्ती योजनेच्या कामासाठी थांबल्या होत्या, कोरोनामुळे त्या पुन्हा पुन्हा पुढे गेल्या आणि २०२१ चा पावसाळा आला तरी थांबलेल्याच होत्या. मुदत संपलेली मंडळे खुर्चीवर राहिली. ३० सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी अशी अधिमंडळाची वार्षिक सभा मार्च २०२१ पर्यंत लांबवायची मुभा कायद्यात बदल करून देण्यात आली.

त्याच काळात सहकाराच्या कायद्याचा पायाही हलला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या २०१९ मधल्या संकटानंतर बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. जून २०२० मध्ये वटहुकूम आणि सप्टेंबरमध्ये कायदा येऊन सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेचा हात बळकट झाला. पतसंस्था आणि विकास सोसायट्या त्याबाहेर राहिल्या. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीतला राज्यांतर्गत सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला, म्हणजे त्यांच्या कारभाराचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याकडेच राहिला.

संस्था कोणासाठी

या प्रश्नावर एक बाजू म्हणते की महामारीने निकाल देऊन टाकला. कामगार आजारी तर कारखाना बंद, गाव आजारी तर कामगार येणार कुठून? या बाजूचे लोक टाटा स्टीलचे उदाहरण देतात. मे २०२१ मध्ये या कंपनीने जाहीर केले की कोरोनाने दगावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला तो साठ वर्षांचा झाला असता तोपर्यंत शेवटचा पगार मिळत राहील. साखर कारखान्यांचेही उदाहरण देता येते. २०२० च्या वसंतात अनेक आसवनी प्रकल्प सॅनिटायझर बनवू लागले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने कारखान्यांना प्राणवायूचे प्रकल्प उभारण्याचे आवाहन झाले. करमाळ्याच्या शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यात, चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून प्राणवायू तयार करून दाखवला.

दुसरी बाजू या उदाहरणांनी पाघळत नाही. हार्वर्डचे ल्युशन बेबचुक आणि रॉबर्टो तालारिता यांनी २०२० मध्येच मांडले की सर्वांचे हित पाहण्याच्या घोषणेने व्यवस्थापनाची उत्तरदायित्वातून सुटका होते. जो सगळ्यांना जबाबदार, त्याला जाब कोण विचारणार? शिवाय प्रत्येक ठिकाणी हित एकाच दिशेला जात नाही. जून २०२० मध्ये वाळूजच्या बजाज ऑटो कारखान्यात लागण वाढली तेव्हा कामगार संघटनेने काही दिवस काम थांबवण्याची मागणी केली. कंपनीचे म्हणणे होते की काळजी घेऊन काम चालू ठेवणेच भाग आहे आणि काम नाही त्या दिवसांचा पगार नाही. दोन्ही बाजूंना आपापले कारण होते. अशा वेळी कलम १६६ वाचून संचालकाला उत्तर सापडत नाही, कारण कोणाचे हित आधी हे ते कलम सांगत नाही.

समाजासाठीच्या खर्चावरही मतभेद झाले. कोरोनावरचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत धरला जाईल, असे केंद्राने २३ मार्च २०२० लाच सांगितले. पीएम केअर्समध्ये दिलेली देणगी त्यात मोजली गेली, मुख्यमंत्री सहायता निधीतली मात्र नाही. ज्या राज्यात कारखाना, त्या राज्याच्या निधीला वेगळा न्याय का, ही महाराष्ट्राची तक्रार होती. केंद्राकडे कायद्याच्या अनुसूचीचा आधार होता.

उचल, मुकादम आणि सतरा एप्रिल

साखरपट्ट्यात हा वाद सगळ्यात कडकपणे दिसला तो ऊसतोड कामगारांच्या बाबतीत. करमाळ्याला लागून जामखेड आणि परंडा, त्यापलीकडे आष्टी, पाटोदा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या भागातून कोयते निघतात. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. मुकादम त्यांना उचल देतो, ती सहा महिन्यांत अंगावरून फेडायची. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो, फडातल्या बाईमाणसाशी नसतो.

टाळेबंदी लागली तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातला हंगाम संपत आला होता. फड संपला, पट्टा पडला, पण घरी जायचे रस्ते बंद. पाचटाच्या कोप्यांत माणसे, लेकरे आणि बैल अडकून पडले. वाढे संपल्यावर बैलांना काय घालायचे हा वेगळाच प्रश्न. राज्य सरकारने कारखान्यांना या कामगारांच्या निवाऱ्याची आणि अन्नधान्याची सोय करायला सांगितले. १७ एप्रिल २०२० रोजी, ३८ कारखान्यांवरच्या सुमारे १ लाख ३१ हजार कामगारांना तपासणी करून गावी सोडायचा निर्णय झाला, आणि याद्या तयार करण्याची जबाबदारी कारखान्यांवर आली.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. हा कामगार आमच्या पटावर नाही, अशी भूमिका कारखाने वर्षानुवर्षे घेत आले. यादी करायची वेळ आली तेव्हा ती करता आली, कारण कोणाची टोळी, कुठल्या गटात, किती माणसे, हे शेतकी विभागाच्या चिटबॉयला पाठ होते. माहिती संस्थेकडे होती, जबाबदारी कागदावर नव्हती. महामारीने शिकवलेल्या धड्यांपैकी हा सर्वांत मोलाचा आहे, आणि कंपनी कारभाराच्या पुस्तकांत तो शोधून सापडणार नाही.

काटकसर की साठवण

दुसरा मोठा वाद व्यवहाराचा आहे. तीन-चार दशके व्यवस्थापनाच्या शाळांनी शिकवले की गोदामात माल म्हणजे अडकलेला पैसा. २०२० नंतर सूर बदलला. उदाहरण टोयोटाचे दिले जाते. हीच कंपनी साठा कमी ठेवण्याच्या तंत्राची जनक. पण २०११ च्या भूकंपानंतर तिने पुरवठादारांना चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता, त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला इतर वाहन कंपन्या अडल्या तेव्हा तिला उसंत मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणखी पुढचा धोका पत्करला. लशीला मान्यता मिळण्याआधीच उत्पादन सुरू केले. शेअर बाजारात नोंद नसलेली, एका कुटुंबाच्या मालकीची कंपनी असल्यामुळे हे झटपट करता आले, असे एक मत आहे. त्यावर उत्तर असे दिले जाते की गेट्स फाउंडेशनचे आणि नंतर सरकारचे पैसे मागे होते. म्हणजे धोका खासगी असला तरी भार बराचसा सार्वजनिक होता. मग किंमत आणि निर्यात ठरवताना सार्वजनिक हिताचा शब्द किती चालावा, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

ज्यांना साठवण परवडत नाही त्यांचे काय, हा प्रश्न मात्र या चर्चेत मागे पडतो. सोलापूरचे गणवेश शिवणारे कारखानदार शाळाच बंद झाल्यावर काय साठवणार होते? विडी वळणाऱ्या बायकांना पान-तंबाखू मिळणे थांबले की त्या दिवसाची मजुरी गेली. केळीवाल्याची गोष्ट वर आलीच आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांचा पुरस्कार करणारे म्हणतात की उत्तर संघटनेत आहे. नाशिकच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स टाळेबंदीत शहरांत थेट फळे-भाजीपाला पोचवू शकली, कारण शीतगृह, प्रक्रिया आणि व्यावसायिक व्यवस्थापन आधीपासून उभे होते. शंका घेणारे विचारतात, अशा किती कंपन्या आहेत? भांडवल नसलेल्या, शे-दोनशे सभासदांच्या कंपनीकडून ती अपेक्षा ठेवणे रास्त नाही, आणि हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

मांडवातली सभा आणि मोबाइलवरची सभा

कारखान्याची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला तिची लय ठाऊक असते. मांडव, व्यासपीठावर मंडळ, कार्यकारी संचालक एकेक विषय वाचतात आणि पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ येते. मागे कुठेतरी एखादा सभासद अहवालाचे पान दुमडून उभा राहतो आणि माईक मागतो. कर्ज कशाला काढले, उतारा का घसरला, मागच्या वर्षीचे बिल कधी देणार? कधी त्याला माईक मिळतो, कधी गोंधळात सभा संपते.

जिथे सभा ऑनलाइन झाली तिथे हे चित्र बदलले. एक मत असे की बदल चांगला झाला. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला सभासद घरबसल्या हजर राहू शकला, प्रश्न लेखी द्यावे लागल्याने नोंद राहिली, दमदाटीला वाव उरला नाही. दुसरे मत असे की माईक बंद करण्याचे बटण व्यासपीठाकडे गेले. लेखी प्रश्नांतले सोयीचे निवडून उत्तरे देता आली, आणि स्मार्टफोन नसलेला म्हातारा सभासद बाहेर राहिला. मोठ्या कंपन्यांच्या सभांबद्दल परदेशातही याच तक्रारी झाल्या.

सभा आणि निवडणुका लांबवण्यावरही दोन बाजू आहेत. आरोग्याचा धोका खरा होता, हे कोणी नाकारत नाही. मतभेद आहे तो एवढाच, की मुदत संपलेल्या मंडळाला त्या काळात कोणते अधिकार असावेत. दैनंदिन काम चालवणे वेगळे. मालमत्ता गहाण टाकणे, भाडेकरार करणे, मोठी कर्जे काढणे वेगळे. या दोहोंत रेघ ओढायला हवी होती आणि ती ओढली गेली नाही, असे हा आढावा घेताना स्पष्ट दिसते.

करमाळ्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. शेलगाव-भाळवणीचा आदिनाथ सहकारी साखर कारखाना कर्जाच्या ओझ्याने बंद पडला होता. कोरोना हे त्याचे कारण नव्हते, दुखणे जुने होते. कर्जवसुलीसाठी राज्य सहकारी बँकेने कारखाना भाडेतत्त्वावर देण्याची प्रक्रिया केली आणि बारामती अॅग्रो या खासगी कंपनीशी व्यवहार पुढे सरकला. भाडेतत्त्वाच्या बाजूचे लोक म्हणत होते की बंद कारखाना गंजतो, ऊस बाहेर जातो, चालवायला भांडवल कोणाकडे तरी हवेच. विरोधकांचे म्हणणे होते की सभासदांच्या शेअर्समधून उभी राहिलेली मालमत्ता सभासदांना विचारल्याशिवाय वर्षानुवर्षांसाठी दुसऱ्याच्या हाती देऊ नये. वाद न्यायालयात गेला, आणि २०२२ च्या अखेरीस कारखाना सहकारी मंडळाच्या हातीच राहून पुन्हा सुरू झाला. २०२१-२२ चा हंगाम राज्यात विक्रमी गाळपाचा होता. साखर उत्पादन १३७ लाख टनांवर गेले आणि काही भागांत जूनपर्यंत ऊस उभा होता. अशा वर्षी जवळचा कारखाना बंद असण्याची किंमत काय, हे तोडीसाठी हातापाया पडलेल्या शेतकऱ्याला विचारावे. कोणती बाजू बरोबर होती, यावर तालुक्यात आजही एकमत नाही.

काय ठरले, काय राहिले

काही गोष्टी नियमांत उतरल्या. मे २०२१ मध्ये सेबीने जोखीम व्यवस्थापन समितीची सक्ती पहिल्या ५०० ऐवजी १००० सूचिबद्ध कंपन्यांना लागू केली. त्याच महिन्यात कामगार, समाज आणि पर्यावरणाविषयीचा नवा अहवाल आखून दिला आणि २०२२-२३ पासून तो बंधनकारक केला. जी-२० आणि ओईसीडी यांच्या कंपनी कारभाराच्या तत्त्वांत २०२३ मध्ये शाश्वतता आणि तग धरण्याची क्षमता यांवर नवे प्रकरण आले. हे सगळे शेअर बाजारात नोंद असलेल्यांसाठी. सहकारी कारखाना, पतसंस्था, उत्पादक कंपनी यांच्यासाठी जोखमीचा असा आराखडा कोणी बांधून दिलेला नाही.

राखीव निधीचा प्रश्नही तसाच आहे. सहकारी संस्थेने निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा, असे महाराष्ट्राचा सहकार कायदा सांगतो. पण हा निधी बहुतेक वेळा संस्थेच्याच धंद्यात, यंत्रांत आणि इमारतींत गुंतलेला असतो. ताळेबंदात आकडा दिसतो आणि संकटाच्या दिवशी हाताला रोकड लागत नाही. त्यातला काही भाग रोख स्वरूपात, मोडता येईल असा ठेवावा, अशी सूचना सहकारातले जाणकार करतात. भाव देण्याच्या चढाओढीत कोणता अध्यक्ष असे पैसे बाजूला ठेवून पुढची निवडणूक जिंकेल, असे त्यावर विचारले जाते.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. नोंदणी आणि ओळखपत्रांचे कामही हाती घेतले गेले. पण कायद्याच्या दृष्टीने या कामगाराचा मालक कारखाना, वाहतूकदार की मुकादम, हे १७ एप्रिल २०२० ला जसे ठरलेले नव्हते तसेच ते पुढच्या हंगामांतही राहिले आणि कोयते पूर्वीसारखेच मुकादमाच्या उचलीवर निघत राहिले.